दादाला माफ करता येत नाही, आणि रविवारी लेकीचा बाप्तिस्मा आहे

लेथवाला_उद्यमनगर · मंगळवार, रात्री ११.१०

सर्वांना सलाम. इथं आपल्या मंडळ्यांतले (चर्चमधले) बरेच जण आहेत, काही जण नाहीत. मला सगळ्यांचंच ऐकायचंय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

रविवारी आमच्या लेकीचा बाप्तिस्मा ठरलाय. साडेसात महिन्यांची आहे. काल पाळकसाहेब घरी आले होते. बाप्तिस्म्याआधी ते आईबापांना घेऊन बसतात, मंडळीसमोर कोणती वचनं द्यायची ती वाचून दाखवतात. सगळं नीट झालं. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो आणि "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथं माझा आवाजच बंद झाला. पुढचं बायकोनं आणि पाळकसाहेबांनी पूर्ण केलं. शब्बाथशाळेत (रविवारच्या बायबल-वर्गात) असल्यापासून म्हणत आलेली ओळ. काल पहिल्यांदा तिचा अर्थ लागला, कारण माझ्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. माझा एक ऋणको आहे. माझा सख्खा मोठा भाऊ.

२०१८ साली दादानं कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळ फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं. एका पतसंस्थेचं चार लाखांचं कर्ज काढलं, जामीन मी राहिलो. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला ठाऊक आहेच. मशीन चार दिवस पाण्याखाली होतं. त्यात त्याचा काय दोष? काहीच नाही. तेव्हा चिखल काढायला मीच होतो त्याच्याबरोबर, खराटा आणि घमेलं घेऊन.

पण त्यानंतर हप्ते थांबले ते त्यानं मला सांगितलं नाही. वर्षभराहून जास्त काळ. दर रविवारी आईकडं जेवायला एकत्र बसायचो, आणि एक शब्द नाही. नोटीस आली ती थेट माझ्या शॉपवर, कामगारांसमोर. डिसेंबर २०२० मध्ये मी तीन लाख ऐंशी हजार भरले. त्यासाठी नवी लेथ विकली. टेम्पोत चढवताना मी लेथच्या बेडवर हात ठेवून उभा होतो, स्लाइडवरचं तेल अजून ओलं होतं. सकाळीच त्यावर एक जॉब काढला होता.

हे इथंच संपलं असतं तर कदाचित मी गिळलं असतं. २०२१ मध्ये दादा दुसऱ्या एका सहभागितेत (वेगळ्या पंथाच्या मंडळीत) जायला लागला आणि तिथं त्यानं पुन्हा बाप्तिस्मा घेतला, पूर्ण बुडवून. त्यानंतर मी एकदाच पैशाचा विषय काढला. तो म्हणाला, "तो माणूस मेला. पाण्यात पुरला. आता जुनं उकरू नकोस."

तेव्हापासून बोलणं बंद आहे. आई म्हणते, रविवारी त्याला बोलव. बायको म्हणते, तुझं तू ठरव. मी रात्री जागा असतो. मनात असलं सगळं ठेवून मी तिथं उभा राहू का? आणि बाप्तिस्म्यानं माझं कर्ज खरंच बुडालं का?

---

शाहूपुरीची_आत्या · मंगळवार, रात्री ११.४८

बाळा, आधी झोप. एक गोष्ट आत्ताच सांगते. जक्कय या जकातदाराच्या घरी प्रभू गेला तेव्हा जक्कय काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. आजच या घराला तारण झालं आहे हे प्रभूनं त्यानंतर म्हटलं. बाकीचं उद्या.

---

बावडेकर · बुधवार, सकाळी ७.०५

मी पण बुडवून बाप्तिस्मा घेतलेला आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे. कृपया रागावू नका.

माझाही लहानपणी डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा झाला होता. मला त्यातलं काहीही आठवत नाही. पंचवीस वर्षं मी नावाचा ख्रिस्ती होतो. दारू होती, बायकोचे दागिने मोडले होते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पश्चात्ताप झाला आणि मी पाण्यात उतरलो. पाण्यातून वर आल्यावर कानात पाणी, डोळ्यांत पाणी, आणि छातीवरचं ओझं गेलेलं. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडवणं असा आहे. आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल मरणात पुरले जाण्याबद्दलच बोलतो, त्यामुळे तुमच्या दादानं वापरलेला शब्द शास्त्रातलाच आहे.

पण त्यानं तो चुकीच्या जागी वापरला. पाण्यात पापी माणूस पुरला जातो, त्याची देणी पुरली जात नाहीत. योहान बाप्तिस्मा करणारा लोकांना पाण्यात घेण्याआधी काय म्हणायचा? पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या. माझा बाप्तिस्मा झाला त्या आठवड्यात मी सोनाराकडं जाऊन बायकोच्या पाटल्यांसाठी पैसे भरायला सुरुवात केली. अडीच वर्षं लागली. कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यातून वर आल्यावर न भरणं शक्यच नव्हतं.

---

लेथवाला_उद्यमनगर · बुधवार, सकाळी ७.३०

बावडेकर, रागावलो नाही. उलट दादानं हे एकदा म्हटलं असतं तर मी इथं आलोच नसतो.

---

निवृत्त_पाळक · बुधवार, दुपारी १२.२०

मी चाळीस वर्षं या भागातल्या मंडळ्यांत सेवा केली. मिशनरी वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं बाप्तिस्मे होत आहेत आणि तेव्हापासून हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरात निघत आला आहे. तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पहिलं. तुमच्या लेकीचा बाप्तिस्मा तुमच्या मनाच्या स्वच्छतेवर उभा नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मंडळी यावरून फुटली होती. इ.स. ३०३ पासून रोमी बादशहानं छळ केला, तेव्हा काही पाळकांनी भीतीनं शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर एक गट म्हणाला, अशा माणसांच्या हातचा बाप्तिस्मा खोटा, आमच्याकडं या आणि पुन्हा घ्या. ऑगस्टीन या बिशपनं त्यांना उत्तर दिलं की बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. देणारा हात मळका असला तरी पाणी मळत नाही. हेच आईबापांना लागू आहे. म्हणून नायकीयाच्या मतांगीकारात (विश्वासाच्या जुन्या कबुलीत) आपण पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा म्हणतो. दोनदा घेणाऱ्यांना मी कधी दूर लोटलं नाही, पण दुसऱ्यांदा दिलाही नाही. पहिल्या वेळी देव गैरहजर होता असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. बावडेकरांच्या डोळ्यांतल्या पाण्याचा मी आदर करतो. मी म्हणेन, त्या दिवशी त्यांचा पहिला बाप्तिस्मा फळाला आला.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढा. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी. पौल आणि सीला यांना फटके बसलेले, पाठी सोललेल्या. यानंच त्यांना आतल्या कोठडीत टाकून पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री भूकंप होतो, दारं उघडतात, तो थरथर कापत विचारतो, तारण व्हावं म्हणून मी काय करू? पुढचं वाचताना आपण घाई करतो. रात्रीच्या त्याच घटकेला त्यानं त्यांना नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या, आणि लगेच त्याचा व त्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा झाला.

क्रम बघा. आधी त्यानं पाणी घेतलं ते ज्यांना दुखावलं त्यांच्या पाठीसाठी. मग स्वतःसाठी. त्यानं मारणाऱ्यांना साथ दिली होती आणि त्या जखमा त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. "तो तुरुंगाधिकारी आता मेला, माझ्याकडं बघू नका" असं तो म्हणाला नाही.

तेव्हा तुमच्या भावाचं वाक्य अर्धं आहे. बाप्तिस्म्यात देव माणसाची क्षमा करतो. तुमचं ऋण सोडायचं की नाही ते तुमच्या हातात आहे, ते तुमच्या वतीनं तो स्वतःला सोडू शकत नाही.

---

नवखा_पण_वाचतोय · बुधवार, दुपारी १.०२

पाळकसाहेब, हे मी कधी असं ऐकलं नव्हतं. मुलांनी "गाळलेल्या जागा भरा"सारखा तो अध्याय पाठ केलाय.

---

वसुलीतला_माणूस · बुधवार, रात्री ९.१५

मी ख्रिस्ती नाही. एका बँकेच्या वसुली विभागात एकोणतीस वर्षं काढली, शेवटी शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. धर्माचं मला कळत नाही, कर्जाचं कळतं.

लेथवाले, आधी कायद्याचं. जामीनदारानं पैसे भरले की कर्ज बुडत नाही, फक्त धनको बदलतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम १४०: संस्थेचे जे हक्क तुमच्या भावावर होते ते तुम्हाला मिळाले. कलम १४५: त्यानं तुमची भरपाई करायची असं वचन कायदा गृहीतच धरतो. पण दावा लावायला तीन वर्षं असतात. डिसेंबर २०२० मध्ये भरलेत, म्हणजे ती मुदत केव्हाच गेली. कोर्टात आता तुमच्या हातात काही नाही. जे आहे ते तुमच्या दोघांतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बँकेत कर्ज "निर्लेखित" करतात तेव्हा लोकांना वाटतं माफ झालं. तसं नसतं. ताळेबंदातून काढतात, वसुली चालूच राहते. मला वाटतं, बहुतेक माणसं माफी देतात ती अशीच असते. वरच्या वहीतून काढलं, आतल्या वहीत ठेवलं. दर सणाला आतली वही उघडते.

आणि खरी माफी असते तेव्हाही पैसा हवेत विरत नाही. कुणाच्या तरी नावावर तो तोटा पडतोच. सरकारनं माफ केलं तर तिजोरीवर, संस्थेनं केलं तर सभासदांवर. तुम्ही दादाला सोडलंत तर तुमची लेथ गेली ती गेली, आणि ती तुमच्या खर्चानं गेली असं तुम्हाला कायमचं लिहून ठेवावं लागेल. हे समजून केलंत तर करा. कुणी तरी दडपण आणलं म्हणून करू नका. मी असे किती तरी जामीनदार बघितलेत. पैसे भरून झाल्यावरही दहा दहा वर्षं आमच्या शाखेसमोरून जाताना मान फिरवायचे.

---

शाहूपुरीची_आत्या · बुधवार, रात्री १०.००

साहेब, तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणता, पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचं प्रवचन तुम्हीच दिलंत. त्यात राजा चाकराचे दहा हजार तालांत सोडतो आणि तोच चाकर बाहेर येऊन सोबत्याचा गळा शंभर दीनारांसाठी धरतो.

मी शाळेत गणित शिकवायचे, पोरांकडून हा हिशेब करून घ्यायचे. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे राजानं सोडलं ते सहा कोटी दिवसांचं काम. वर्षाला तीनशे दिवस धरले तर दोन लाख वर्षं. पोरं खडू खाली ठेवायची.

पण दुसरा आकडा पण बघा म्हणायची मी. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. तीन-चार महिने एखाद्या घरात पगार आला नाही तर काय होतं ते उद्यमनगरातल्या पोरांना सांगावं लागायचं नाही. प्रभूनं दुसऱ्या चाकराचं देणं दोन दीनार ठेवलं नाही. तुझी लेथ त्यानं शून्यात धरलेली नाही, बाळा.

---

माहेरवाशीण · गुरुवार, पहाटे ५.४०

या धाग्यात सगळे चांगलं बोलत आहेत. तरी मला एक सांगायचंय, कारण "क्षमा कर" हे वाक्य माझ्यावर फार वेळा टाकलं गेलंय.

माझा नवरा मारायचा. मंडळीत मात्र गाणी म्हणायचा, पेटी वाजवायचा. मी दोनदा वडीलमंडळींकडं (मंडळीचा कारभार बघणाऱ्यांकडं) गेले. दोन्ही वेळा त्याला बोलावलं, तो रडला, प्रार्थना झाली, आणि मला सांगितलं, सत्तर वेळा सात क्षमा कर. मी परत गेले. तिसऱ्या वेळी माझा हात मोडला. ती मंडळी कुठली ते सांगणार नाही, त्यातली दोन माणसं आता देवाघरी आहेत.

मग मी माहेरी आले आणि परत गेले नाही. तेव्हा एक बाई, मंडळीतल्याच, रोज संध्याकाळी डबा घेऊन यायच्या. त्यांनी मला एकदाही क्षमा कर म्हटलं नाही. माझे केस विंचरायच्या, कारण प्लास्टरमुळं मला जमत नव्हतं.

सहा वर्षांनी, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेत, मी त्याला सोडलं. हातातली गाठ सुटावी तसं झालं. त्याला कळवलं नाही. परत गेले नाही. पोलिसातली तक्रार मागे घेतली नाही. माझ्या क्षमेनं त्याला माझ्या घराची किल्ली मिळत नाही.

लेथवालेदादा, तुमचा भाऊ तसा माणूस दिसत नाही. तरी माफ करा म्हणणाऱ्यांना एवढं विचारा, माफ करणं म्हणजे पुन्हा जामीन राहणं का? नसेल तर मग विचार करता येईल.

---

निवृत्त_पाळक · गुरुवार, सकाळी ८.१०

ताई, तुमचं वाचून बराच वेळ बसून होतो. मीही वडीलमंडळींच्या अशा बैठका चालवल्या आहेत. "सत्तर वेळा सात"च्या थोडंच आधी त्याच अध्यायात लिहिलंय की भावानं अपराध केला तर त्याला एकांतात त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. आम्ही पुष्कळदा तो भाग ओलांडून थेट पुढच्या ओळीवर उडी मारली. माझ्या हातून असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर मी त्यांची क्षमा मागतो. इथं नाही, त्यांच्या दारात जाऊन मागायला हवी. मला दोन घरं आठवत आहेत.

---

माहेरवाशीण · गुरुवार, सकाळी ८.५५

जा साहेब. उशीर झालाय असं समजू नका.

---

जयसिंगपूरकर · गुरुवार, दुपारी ३.३०

आम्ही जैन, दिगंबर. आमच्याकडं भाद्रपदात दशलक्षण पर्व असतं, त्याचा पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. पर्व संपलं की क्षमावाणी. घरोघर जाऊन, फोन करून, "उत्तम क्षमा" म्हणतो. फरक एवढाच सांगतो की आमच्यात आधी मागायची असते. माझ्याकडून कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं. समोरच्याची चूक किती हे तिथं येतच नाही.

पण खरं सांगू? शंभर लोकांना सहज म्हणून होतं. शेताचा बांध ज्याच्याबरोबर आहे त्या चुलतभावाच्या दारात पाय उचलत नाहीत. गेल्या वर्षी गेलो. अकरा वर्षांनी. त्यानं दार उघडलं, मी हात जोडले, तोंडातून शब्द फुटेना. तो म्हणाला, आत ये, ऊन आहे. बांध अजून तसाच आहे, मोजणी व्हायची आहे. ऊस तुटताना मात्र आता एकमेकांची ट्रॉली वापरतो.

---

बावडेकर · गुरुवार, रात्री ९.४०

अजून एक पत्र आहे या विषयावर, पौलाच्या पत्रांत सगळ्यात छोटं. फिलेमोनाला लिहिलेलं. अनेसिम त्याच्याकडून पळालेला दास, बहुधा काही नुकसान करून. पौलापाशी तो विश्वासात आला. पौल त्याला परत पाठवतो आणि धन्याला लिहितो, तो तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. नवा जन्म झालाय म्हणून देणं संपलं असं पौलही म्हणत नाही. देणं आहे हे मानतो, आणि ते स्वतःवर घेतो. वसुलीतले साहेब म्हणाले तसंच, कुणाच्या तरी नावावर ते पडतंच.

लेथवाले, तुमचे दादा बावड्यातच राहतात का हे मी विचारणार नाही. पण आमच्या सहभागितेत असते तर मी त्यांच्याशी बोललो असतो.

---

लेथवाला_उद्यमनगर · शुक्रवार, रात्री १२.३५

सगळं दोनदा वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. माहेरवाशीणताईंचं ऐकून ती उठून आत गेली, मग येऊन म्हणाली, त्या डबा आणणाऱ्या बाईंसारखी एक तरी बाई प्रत्येक मंडळीत असायला पाहिजे.

एक कबूल करतो. मला पैशापेक्षा ती रविवारची जेवणं जास्त सलतात. त्याला माहीत होतं आणि तो माझ्या ताटात भाकरी वाढत होता. त्याचा हिशेब कुठल्या कलमात बसत नाही. उद्या संध्याकाळी शॉप बंद करून त्याच्याकडं जाणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

---

शाहूपुरीची_आत्या · शुक्रवार, सकाळी ६.२०

जा. आणि रविवारसाठी सांगते, गारठा आहे, थर्मासमधून कोमट पाणी ने. कुंडात आधी तेच ओतायला सांग. मी वीस वर्षं नेत होते. गार पाणी टाळूवर पडलं की लेकरू दचकतं, आणि आईबापांचं सगळं लक्ष रडण्याकडं जातं.

---

लेथवाला_उद्यमनगर · सोमवार, रात्री १०.५०

शनिवारी गेलो. सगळं जसं झालं तसं लिहितो.

दार वहिनींनी उघडलं. दादा टीव्हीसमोर होता, उठून बसला. पाणी झालं, चहा झाला. कुणी बोलेना. मग मी म्हणालो, "दादा, त्या पैशाचं मी सोडलं. उद्या लेकीचा बाप्तिस्मा आहे, तू ये."

मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो भडकला. "सोडलंस म्हणजे? मी मागितलं होतं का? दारात येऊन उपकार करतोस?" मलाही चढलं. मी लेथचं बोललो, नोटिशीचं बोललो, आणि शेवटी भाकरीचं बोललो. आई शेजारच्या खोलीत होती हे मला माहीत नव्हतं.

भाकरीचं म्हटल्यावर तो गप्प झाला. बराच वेळ. मग खाली बघत म्हणाला, "रोज ठरवायचो, आज सांगतो. तू चिखल काढला होतास ना माझ्याबरोबर. तुझं तोंड बघून जमायचं नाही." एवढंच. माफ कर असा शब्द त्यानं उच्चारला नाही. मी वाट बघितली, नाही आला.

तेवढ्यात वहिनी आतून एक वही घेऊन आल्या. शाळेची, दोनशे पानी, कव्हर घातलेली. त्या म्हणाल्या, "भावजी, यांना न सांगता मी दोन वर्षं शिवणकामातले बाजूला टाकतेय. एकतीस हजार झालेत. तुम्ही सोडलं म्हणालात ते देवाला पावलं. पण सगळं सोडू नका. आम्हाला फेडू द्या. नाही तर यांना तुमच्यासमोर कधी मान वर करता यायची नाही."

पाळकसाहेब, मी तेव्हा त्या जखमा धुणाऱ्या माणसाचाच विचार करत होतो. ज्याला धुवायचंय त्याला आपण पाठ पण द्यावी लागते. मी हो म्हणालो. महिन्याला दोन हजार, व्याज नाही, आणि वहिनी बास म्हणतील तेव्हा बास.

रविवारी थर्मास नेला, आत्या. कुंडातून वाफ दिसत होती, अगदी थोडी. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी तीनदा पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि लेक त्यांच्या गळ्यातल्या पट्टीशी खेळत होती. दादा आला होता. शेवटून दुसऱ्या बाकावर, दाराच्या बाजूला. लहान लेकरांचा बाप्तिस्मा त्याला आता पटत नाही, ते त्यानं शनिवारीच सांगितलं होतं. मी वाद घातला नाही.

मग पाळकसाहेबांनी मंडळीला विचारलं, या बालिकेला प्रभूच्या शिक्षणात वाढवायला तुम्ही या आईबापांना साहाय्य कराल का? सगळे उभे राहिले. मी मागं वळून बघितलं, वळायचं नसतं तरी. दादा बसलेला होता. "होय, देवाच्या साहाय्यानं" म्हणून झालं, लोक बसायला लागले, आणि तेव्हा तो उभा राहिला. एकटाच. ओठ हलले, काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

प्रार्थनेतली ती ओळ मी म्हटली. आवाज बारीक होता, पण म्हटली.

---

माहेरवाशीण · सोमवार, रात्री ११.०५

लेकीला खूप आशीर्वाद. वहिनींना माझा सलाम सांगा.

---

वसुलीतला_माणूस · सोमवार, रात्री ११.२०

आनंद झाला. जुनी सवय म्हणून विचारतो, हप्त्यांची नोंद कुणी ठेवायची ते ठरलं का? तोंडी व्यवहारात पुढं घोळ होतो.

---

लेथवाला_उद्यमनगर · सोमवार, रात्री ११.३१

वही वहिनींकडंच आहे साहेब. मी बघायला मागितली नाही.